फेरलढतीला ताईचा होकार

मंगळवार, ११ मार्च
दुपार

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तूही तिकडे ठीक असशील. वस्तादांना माझा नमस्कार सांग. मान आता पूर्ण वळते का? डाव्या कुशीवर झोपायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तू ऐकत नसणार हे माहीत आहे, तरी लिहिते.

तुझं पत्र आणि सोबत कराराची नक्कल शनिवारी पोचली. शिबिरात तुमचे फोन जमा करून घेतात ते एका परीनं बरंच. फोनवर तू "हो ना ताई? हो ना?" असा पिच्छा पुरवतोस आणि मी "हो रे बाबा" म्हणून मोकळी होते. कागदावर तसं होत नाही. लिहिलेलं अक्षर आपल्याकडे बघत बसतं.

इकडची हकिगत अशी. मोरीचा नळ गळत होता, त्याला मीच वॉशर घातला. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आल्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. काजं करून करून माझ्या बोटांची चाळण झाली आहे. तुझ्या दाजींची कंबर धरली आहे, पण मशीनवरून उठायचं नाव नाही. हे पत्र त्यांच्या कापड बेतायच्या खाकी कागदामागे लिहिते आहे. पलटून बघशील तर कुणाच्या तरी विजारीचा डावा पाय दिसेल. चांगला जाड कागद आहे, टाकायला जीव होईना.

दुकानात तुझ्याशिवाय दुसरा विषय नाही. काल बेकरीवाले आणि आपले निवृत्त हेडमास्तर एकदमच आले. एकाला कोट सैल करून हवा होता, दुसऱ्याला विजारीचं माप द्यायचं होतं. कोट राहिला खुंटीला आणि दोघांची जुंपली.

बेकरीवाले म्हणाले, "पाच वेळा किताब राखलेला माणूस आहे. त्याला लगेच फेरलढत नाही द्यायची, तर काय मला द्यायची?"

हेडमास्तर म्हणाले, "पाच वर्षं पहिला आलेला मुलगा सहाव्या वर्षी नापास झाला, तर त्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी परत घेतात का? बाकीची मुलं काय बाकावर माशा मारत बसलीत?"

"अहो, पण तपासणाऱ्यानंच घोळ घातला असेल तर?"

"तर फेरतपासणी करा. फेरपरीक्षा कशाला?"

"मास्तर, तुम्ही जन्मात कुणाला दोन मार्क वाढवून दिले नाहीत, तुम्हाला काय कळणार!"

"तुमच्या मुलाला दिले होते. म्हणून तर तो बेकरीत बसला."

दाजी मापाची पट्टी घेऊन ताटकळत होते. ते म्हणाले, "मास्तर, आधी श्वास सोडा. पोट आत ओढून माप दिलंत तर विजार फक्त उभं राहायला होईल." सगळे हसले. मीही हसले.

आणि मग बेकरीवाले माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही तर पहिल्या रांगेत होतात. तुम्हीच सांगा. हार मानली होती का त्यानं?"

माझ्या ओठांत दोरा धरलेला होता. तो मी काढलाच नाही. मान खाली घालून पुढच्या बटणाला लागले. त्यांना वाटलं, बहीणच ती, तिला त्रास होत असेल.

त्रास होतोच आहे, पण तो त्यांना वाटतो तसला नव्हे.

तू लिहिलं आहेस, "ताई, तुझा होकार आला की सही करतो. तुला काय वाटतं, माझा हक्क आहे की नाही एवढं सांग." तू एकोणीस वर्षांचा होतास तेव्हा पहिला करार घेऊन आलास, माझ्या देवापुढे ठेवलास आणि म्हणालास, तू हो म्हटल्याशिवाय सही नाही. तेव्हापासून नऊ वर्षांत अकरा करार झाले. अकराही वेळा मी हो म्हटलं. एकही वाचला नाही. पहिल्या दहांतली एकही लढत बघितली नाही. तू आत लढायचास तेव्हा मी घरी देवासमोर डोळे मिटून बसायचे, ते तुझा फोन येईपर्यंत. "जिंकलो" म्हणायचास की उठायचे. पाय बधीर झालेले असायचे. माझा होकार म्हणजे काय होता? न बघता दिलेला होता. घाबरून दिलेला होता.

अकराव्या वेळी मात्र तू हट्टानं तिकिटं पाठवलीस आणि मी आले. म्हणून या वेळचं उत्तर द्यायला मला वेळ लागतो आहे. त्या दिवसाबद्दल आपण बोललोच नाही. तू म्हणशील, लढलो मी, आणि मला काय सांगतेस. पण तू आत होतास. मी बाहेर होते. बाहेरून काय दिसलं ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

दोन बसगाड्या बदलून आम्ही आलो, डबा बरोबर घेऊन. तू खोलीची सोय केली होतीस, तिथल्या साबणाच्या वड्या मी घरी आणल्या, अजून पुरतात. सभागृहात शिरले आणि दारातच उभी राहिले. एवढी माणसं एका छपराखाली मी कधी पाहिली नव्हती. वर दिव्यांचा नुसता लखलखाट आणि मधोमध ती जाळी. फोटोत ती पिंजऱ्यासारखी दिसते. जवळून तशी नाही दिसत. तळाचं पांढरं कापड इतकं ताणून बसवलेलं, की मी मनात म्हटलं, हे ज्यानं शिवलं त्याचे हात बघायला हवेत. आधीच्या लढतींचे डाग पुसलेले होते, पण गेले नव्हते. ओलं मलम, रबर आणि घाम असा मिळून एक वास होता. दाजी माझ्या कानाशी म्हणाले, "चल, अजून बस मिळेल."

माझ्या उजव्या हाताला एक माणूस बसला होता. तिशी ओलांडलेला, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक बारीक ठिपके. मी विचारलं तर म्हणाला, वेल्डिंग करतो, ठिणग्या उडतात. मला काही कळत नाही हे बघून तो आपणहून समजावून सांगायला लागला. पाच मिनिटांची एक फेरी. किताबाच्या लढतीला पाच फेऱ्या. ठोसा, लाथ, पकड, सगळं चालतं, म्हणून त्याला एमएमए म्हणतात. आणि सहन झालं नाही की हातानं थापटायचं, कुठेही, समोरच्याच्या अंगावर नाही तर जमिनीवर. थापटलं की संपलं. पुढे कुणी बोट लावत नाही.

मी म्हटलं, "आणि थापटलंच नाही तर?"

"तर पंच असतो ना, मावशी. पण बहुतेकदा माणूस थापटतो. शरीर शहाणं असतं, डोकं नसतं."

मावशी म्हणाला तो मला. चाळिशीसुद्धा नाही झाली अजून!

तू आलास. अंगावर काही नाही, दाजींनी शिवलेली ती निळी चड्डी तेवढी. लोक "हातोडा, हातोडा" ओरडत होते. मला तर खांद्याची हाडं दिसणारा माझा धाकटाच दिसत होता. आणि मग तू हात उचललेस, धाकट्या, आणि मला माझाच भाऊ ओळखू येईना. तू हलत होतास ते कुणाला मारायला निघालेल्या माणसासारखं नव्हे. मी देवासमोर बसते तेव्हा सगळं मन गोळा करायचा प्रयत्न करते. वीस वर्षं करते आहे, जमत नाही. कुकरची शिट्टी आठवते, दूध आठवते. तुझं मन तेव्हा पूर्ण गोळा झालेलं होतं. तुझ्या पायाच्या अंगठ्यापर्यंत तूच होतास, दुसरं काही नव्हतं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. इतकी वर्षं मी डोळे मिटून जे मागत होते, ते तू डोळे उघडे ठेवून करत होतास.

दाजींनी दुसऱ्या फेरीत डोळे झाकले ते दवाखान्यातच उघडले. त्यांना काही विचारू नकोस, त्यांनी काही पाहिलेलं नाही.

तिसऱ्या फेरीत मगर तुझ्या पाठीवर चढला. त्याला मगर का म्हणतात ते वेल्डरनं आधीच सांगितलं होतं, एकदा मिठी बसली की सुटत नाही. त्यानं पाय तुझ्या पोटाभोवती आवळले, हात गळ्याकडे सरकायला लागले. आणि तू उठून उभा राहिलास. तुझ्याएवढ्याच वजनाचा माणूस पाठीवर घेऊन! एक पाऊल टाकलंस, दोन, तीन, चार. चौथ्या पावलाला तुझा चेहरा माझ्यासमोर आला, जाळीच्या पलीकडे, हातभर अंतरावर. तू मला बघत नव्हतास. मी ओरडले, "धाकट्या!" सगळ्या गोंगाटात माझाच आवाज मला ऐकू आला.

वेल्डरनं वळून माझ्याकडे पाहिलं. "त्याच्या घरच्या का तुम्ही?"

मी म्हटलं, "बहीण. मोठी."

तो ताडकन उठला. म्हणाला, "ताई, तुम्ही इकडे बसा. तिथून खांब मध्ये येतो. माझ्या जागेवरून नीट दिसेल." मला हाताला धरून त्यानं आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः माझ्या खुर्चीवर, खांबाच्या आड बसला. मला तेव्हा ठाऊक नव्हतं की तोही लढणारा आहे आणि किताबासाठी पुढची पाळी त्याची आहे. दोन वर्षं पाळीची वाट बघत दिवसपाळी-रात्रपाळी करणारा तोच तो. ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो बघून कळलं.

इथपर्यंत लिहून काल थांबले होते. दाजींना चहा हवा होता असं कारण आहे. खरं कारण म्हणजे पुढचं लिहायला हात धजेना.

आज बुधवार. लिहिते.

चौथी फेरी. तुम्ही दोघं खाली आलात, माझ्याच बाजूला, जाळीला लागून. त्याचा हात तुझ्या हनुवटीखाली गेला. पंच गुडघे टेकून वाकला आणि त्याची पाठ सगळ्या सभागृहाकडे झाली. पलीकडे खांब. कॅमेऱ्यांना काही दिसलं नाही, असं तेच सगळे सांगतात, आणि ते खरं आहे. पण मी वेल्डरच्या खुर्चीवर होते. पंचाच्या कोपराखालून मला तुझा उजवा हात दिसत होता. सबंध हात.

तू जगाला सांगितलं आहेस की तो हात तू पकड सोडवायला नेत होतास आणि पंच घाईनं मध्ये पडला. तू खोटं बोलत नाहीस, हे मी आधी लिहिते. तुझ्या डोळ्यांची बुबुळं वर गेली होती. तुला आठवत नाही, एवढंच.

तुझा हात मगरच्या मांडीवर पडला. दोन थापा पटपट. तिसरी सावकाश, आणि ती उचललीच नाहीस, तळवा तसाच ठेवलास.

हे दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर त्याला काही कळलं नसतं. वस्ताद शिकवतात तसं ते जोरात, पुन्हा पुन्हा थापटणं नव्हतं. वस्तादांनासुद्धा वाटलं असतं की हात घसरला. पण मी ते ओळखते. जगात मी एकटीच ते ओळखते.

तू पाच वर्षांचा होतास. माझा मॅट्रिकचा निकाल लागला त्याच महिन्यात तुझ्या पाठीवर ते मोठं गळू झालं. डॉक्टरांनी कापलं आणि रोज जखमेतली कापडाची पट्टी काढून नवी भरायला मला शिकवलं. आई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. तिला तुझं रडणं ऐकू जाऊ नये म्हणून आपण ठरवलं होतं, आठवतं का? ओरडायचं नाही. सहन झालं नाही की माझ्या गुडघ्यावर थापटायचं. तू तसंच करायचास. दोन पटपट, तिसरी ठेवून दिलेली. मी थांबायचे, दहा आकडे मोजायचे, तू मान हलवलीस की पुन्हा पट्टी ओढायचे. सात आठवडे. आई गेली तोवर जखम भरत आली होती. तिला शेवटपर्यंत कळलं नाही की तुला किती दुखत होतं.

तर धाकट्या, तू थापटलंस. तेवीस वर्षांनी, तसंच.

आणि त्यानंतर जे झालं ते ऐक, कारण ते तर तुला कुणीच सांगणार नाही. पंचाचा हात तुम्हा दोघांच्या अंगाला लागायच्या आधी, एका श्वासाएवढं आधी, मगरनं पकड सोडली. त्याला तुझी ती हळू थाप कळली होती. हजारो लोक ओरडत होते, त्याच्या स्वतःच्या कानात रक्त गेलेलं होतं, पंधरा-वीस मिनिटं तुम्ही एकमेकांना फोडून काढत होता, आणि त्या सगळ्यात त्या माणसाला मांडीवर ठेवलेला एक तळवा कळला. किताब हातात आला होता, तरी तो आधी ओरडला नाही, नाचला नाही. तुझं डोकं जमिनीवर आपटेल म्हणून त्यानं खाली आपला पंजा धरला. पंचानं तुझे पाय वर उचलले. तुला शुद्ध येईपर्यंत दोघं तसेच होते, एक डोक्याशी, एक पायाशी, जसं आपण घरातल्या आजाऱ्याशी बसतो.

मी धडपडत उभी राहिले. मला वाटायचं, हा कसायांचा धंदा आहे आणि माझा भाऊ त्यात अडकला आहे. आणि मी काय पाहिलं? एवढी ताकद, एवढा राग, एवढा गोंगाट, आणि सगळं एका हळू थापेपाशी थांबतं. कुणी तिला हसत नाही. कुणी म्हणत नाही की अजून थोडं सोस. देवळात मी पुष्कळ वेळा गेले आहे, पण असं आतून हलल्याचं मला फार थोड्या वेळा आठवतं.

मग तू डोळे उघडलेस आणि पहिलं वाक्य बोललास, "मी हार मानली नाही." ते सगळ्यांनी ऐकलं. मगरनंही ऐकलं. त्यानं तुझ्याकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. अजूनही बोललेला नाही. पेपरवाल्यांनी त्याला खोदून खोदून विचारलं, तर एवढंच म्हणाला, "मला काय कळलं ते मला माहीत आहे. निर्णय पंचांना विचारा." त्यानं तुझी झाकली मूठ झाकलेलीच ठेवली, धाकट्या. तुझी बहीण तेच करत होती, पण त्याच्याएवढ्या स्वच्छ मनानं नव्हे.

कारण माझं अजून एक सांगायचं राहिलं आहे.

लढतीनंतर दहाव्या दिवशी चौकशी समितीच्या बाईंचा फोन आला होता. तुला मी बोलले नाही. आवाज मऊ होता, घाई नव्हती. म्हणाल्या, "तुम्ही त्या बाजूला पहिल्या रांगेत होतात असं समजलं. तुम्हाला त्यांचा हात दिसला का?"

मी म्हटलं, "माझा चष्मा खाली पडला होता."

चष्मा पडला होता, हे खरं आहे. पण तो नंतर, मी धडपडत उभी राहिले तेव्हा. हात बघताना तो माझ्या नाकावरच होता, आदल्याच दिवशी कापडानं पुसलेला. खऱ्यासारखं दिसणारं खोटं मी अगदी सहज बोलून गेले. बाई म्हणाल्या, "बरं, तशी नोंद करते." आणि फोन ठेवला. मी भाजी चिरत होते, ती चिरत राहिले.

भाजीवाल्याकडून चुकून जास्त आलेलं लिंबूसुद्धा परत करणारी बाई मी. दाजी मला चेष्टेनं "सरकारी तराजू" म्हणतात. आणि माझ्या एका वाक्यावर हे सगळं उभं राहिलं. साक्षीदार नाही, कॅमेऱ्यात नाही, म्हणून निर्णय वादग्रस्त ठरला. निर्णय वादग्रस्त म्हणून तुला लगेच फेरलढत. करार या वेळी मी वाचला, चारदा वाचला. तिसऱ्या कलमात लिहिलं आहे, "पंचांनी लढत अवेळी थांबवल्यामुळे." त्याच्याखाली तू सही करणार आणि माझ्या होकारानं करणार.

तो पंच सध्या घरी बसला आहे, मोठ्या लढती त्याला देत नाहीत. तुझे पाय उचलून धरणारा माणूस तो. आणि वेल्डरची पाळी वर्षभर पुढे गेली. ज्यानं मला स्वतःची जागा दिली, त्याच जागेवरून मी सगळं पाहिलं, आणि गप्प बसून त्याची पाळी घालवली. त्या दिवसापासून देवासमोर बसते, पण नाव ओठांवर येत नाही. हात जोडून नुसती बसून राहते. दाजींनी एकदा विचारलं, "हल्ली तुझं लवकर आटोपतं?" मी म्हटलं, गणवेशांची घाई आहे.

तू विचारलंस, हक्क आहे की नाही. मला खेळातलं कळत नाही, पण माणसाचं थोडं कळतं, ते सांगते. पाच वेळा किताब राखला म्हणून तू ताठ मानेनं जाऊन म्हणालास, "मी हरलो, मला पुन्हा त्याच्याशी लढायचं आहे, केव्हा देता?" तर तो तुझा हक्क आहे आणि मी त्याच्यासाठी कुणाशीही भांडेन, हेडमास्तरांशीसुद्धा. ते लगेच देतील, नाही तर वेल्डरच्या नंतर देतील. पण अन्याय झाला म्हणून मागणार असशील, तर तुझ्यावर अन्याय झालेला नाही. तुझ्या बाबतीत त्या दिवशी सगळे चांगले वागले. तुझा स्वतःचा हातसुद्धा.

तुला त्या थापेची लाज वाटत असेल का, याचा मी फार विचार केला. मला तर तेव्हा हायसं वाटलं होतं. खरं सांगते. नऊ वर्षं मला एकच धास्ती होती की माझा भाऊ थांब म्हणायला विसरला असेल. लोकांनी हातोडा म्हणून म्हणून त्याला तसं करून टाकलं असेल. तू विसरला नाहीस. ज्या क्षणी तुझं नाव, किताब, लोक सगळं तुझ्या डोक्यातून निघून गेलं, त्या क्षणी तुझ्या हाताला जगावंसं वाटलं. मी त्या हाताला नमस्कार करते. तू लहान आहेस तरी करते.

आता कामाचं. हे पत्र तुला उद्या, फार तर परवा मिळेल. सहीची मुदत सोमवारपर्यंत आहे. समितीला काय सांगायचं ते तू स्वतः सांगावंस असं मला वाटतं. तुझ्या तोंडून गेलं तर ते हातोड्याचं बोलणं होईल. माझ्या तोंडून गेलं तर लोक म्हणतील, बहिणीनं घात केला. शनिवारी सकाळी अकरापर्यंत मी वाट बघेन. त्यानंतर मी त्या बाईंना फोन करून सांगेन की मी खोटं बोलले होते. त्यांच्याकडे नोंद आहे, ती माझ्या नावावर आहे, ती मलाच दुरुस्त करायला हवी. तुझ्यासाठी म्हणून ती तशीच ठेवणं मला जमणार नाही. मी करून पाहिलं. दोन महिने करून पाहिलं.

तू रागावशील. शिबिरातून फोन करायला परवानगी मागशील आणि माझ्यावर ओरडशील, नाही तर फोनच करणार नाहीस, आणि ते जास्त वाईट. आई गेल्यावर तू दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास, ते दोन दिवस मला अजून आठवतात. या वेळी दोन वर्षं बोलला नाहीस, तर तेही मी मोजेन. पण तुला माझा होकार हवा होता, आणि या बारा करारांतला हा पहिलाच मी डोळे उघडे ठेवून वाचला आहे.

या कागदाला माझा होकार नाही.

जेव्हा खरा कागद येईल, वर्षानं येवो की तीन वर्षांनी, तो घेऊन ये. तोवर मान जप, वेळेवर जेव, आणि मगरला भेटलास तर माझ्याकडून त्याचे आभार मान. कशाबद्दल ते त्याला सांगावं लागणार नाही.

जगानं काहीही म्हटलं तरी तुझ्याच बाजूची,

ताई